बाबूजींचे माप

गेल्या डिसेंबरात मी वयाची ५३ वर्षे पूर्ण केली. आमच्या घरी वाढदिवस साजरा करण्याची फारशी रीत नाही. सकाळी स्थानकात जाऊन यावे, बाईच्या पाया पडावे आणि नेहमीप्रमाणे दुकान उघडावे, एवढेच. (आईला आम्ही सारी भावंडे लहानपणापासून बाई म्हणतो.) यंदा मात्र दुकानाचे शटर वर करताना माझा हात क्षणभर थांबला. बाबूजी ५१ व्या वर्षी गेले. म्हणजे वयाने मी आता त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा झालो होतो. शिवाय ५३ हा आकडा आणखी एका कारणाने गेली तीन वर्षे माझ्या मनात घर करून होता. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळ या पाच देशांत हृदयविकाराचा पहिला झटका आलेल्या रुग्णांचे सरासरी वय एका मोठ्या संशोधनात ५३ वर्षे भरले. जगाच्या इतर भागांतील रुग्णांचे सरासरी वय जवळजवळ ५९ होते. मधली ही सहा वर्षे कोठे गेली, हा प्रश्न शास्त्रज्ञांचा खरा. पण आमच्या घरात तो पंचवीस वर्षे निःशब्दपणे वावरत होता.

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघाले की कोराडी लागते. बाहेरच्या माणसाला हे गाव दोन खुणांनी ठाऊक असते: एक महालक्ष्मी जगदंबेचे मंदिर, आणि दुसरी औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या. केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. पाठोपाठ वसाहत वाढली, पगारदार माणूस वाढला. त्याच सुमारास बाबूजींनी नागपुरातील एकत्र दुकानातून आपला वाटा मागून न घेता केवळ आशीर्वाद घेतला आणि येथे कापडाचे लहानसे दुकान टाकले. सकाळी साडेआठला ते गादीवर बसत ते रात्री आठला उठत. मध्ये जेवणापुरते घर, तेही दुकानाच्या मागेच. तंबाखू नाही, खर्रा नाही, विडी नाही. मद्याचा तर प्रश्नच नव्हता. ज्या विदर्भात चार माणसे जमली की खर्ऱ्याची पुडी निघते, तेथे बाबूजींनी आयुष्यभर केवळ बडीशेप चघळली. सूर्यास्तापूर्वी जेवण आणि त्यानंतर पाण्याचा थेंबही नाही, हा चौविहाराचा नियम त्यांनी वीस वर्षे मोडला नव्हता. अशा माणसाला काय होणार, असे आम्हांला वाटे. खरे सांगायचे तर, त्यांनाही तसेच वाटे.

१९९७ च्या डिसेंबरातील ती रात्र. थंडी कडाक्याची होती. दुकान बंद करून बाबूजी घरी आले आणि नऊच्या सुमारास छाती जड झाल्याचे म्हणू लागले. जबडा दुखत होता, आणि त्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता. बाईने ओवा आणि कोमट पाणी आणले. त्यांनी हातानेच नको म्हटले. मी गावातील डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी तपासले, एक गोळी पुढे केली आणि म्हणाले, "ही आत्ता चावून घ्या, आणि यांना लगेच नागपूरला हलवा." बाबूजी शांतपणे म्हणाले, "गोळी सकाळी घेईन, नवकारसी झाल्यावर. आणि रात्री कोणाची गाडी मागता? माणसे दमून झोपली आहेत." आम्ही ऐकले. त्यांचा शब्द मोडण्याची सवय घरात कोणालाच नव्हती. गोळी कागदात गुंडाळून बाईने देवघरातल्या कोनाड्यात ठेवली. पहाटे चारला श्वास लागला तेव्हा शेजाऱ्यांची जीप काढली. मानकापूरच्या अलीकडेच सारे संपले. नवकारसीला अजून बराच अवकाश होता.

त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या परीने सांत्वन केले. कोणी म्हणाले, आयुष्यकर्म तेवढेच होते. कोणी म्हणाले, तुमच्या घराण्यातच हे आहे, तुमचे मोठे काकाही असेच गेले. कोणी म्हणाले, एवढ्या निर्व्यसनी माणसाला असे होते म्हणजे याला काही कारण नसतेच. ही वाक्ये मायेने बोलली गेली होती. पण त्यांतील शेवटचे मी नकळत खरे मानले आणि पुढची पंचवीस वर्षे त्याच्या आधाराने निश्चिंत जगलो. ज्याला कारण नाही, त्याचा उपाय तरी कोण शोधणार?

तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी नागपूर विद्यापीठात संख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. एके दिवशी ती छापील पानांचा एक जुडगा घेऊन दुकानात आली. अभ्यासासाठी तिने वैद्यकीय संशोधनाचा एक निबंध निवडला होता. ती म्हणाली, "पप्पा, हे अमेरिकेच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २००७ च्या जानेवारीत छापून आले आहे. पहिले नाव वाचा." ते नाव होते डॉ. प्रशांत जोशी, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील. आमच्या दुकानापासून तासाभराच्या अंतरावर काम करणाऱ्या एका प्राध्यापकाने नेमका आमच्याच घरातला प्रश्न हाती घेतला होता: दक्षिण आशियातील माणसाला हा झटका एवढ्या लवकर का येतो?

त्या निबंधाची पूर्वपीठिका मुलीने मला गादीवर बसूनच समजावून दिली. हृदयरोगाची कारणे माणसे मोजून शोधण्याची मोठी परंपरा अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या लहानशा गावात १९४८ साली सुरू झाली. तेथील ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी झाली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हृदयाशी असलेला संबंध त्यातून स्पष्ट होत गेला, आणि आज आपण सहज बोलतो तो 'जोखमीचे घटक' हा शब्दप्रयोगही त्याच अभ्यासाने रूढ केला. पण ती माणसे बहुतेक गोरी होती. त्यांचे गणित आपल्याला लागू पडते का, हा संशय उरलाच. म्हणून कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठातून डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली 'इंटरहार्ट' हा अभ्यास उभा राहिला. युसूफ मूळचे केरळचे, आणि त्यांचे वैद्यकीय शिक्षण बंगळूरचे. ५२ देशांतील रुग्णांची माहिती एकाच पद्धतीने गोळा झाली, आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दक्षिण आशियाचा स्वतंत्र हिशेब डॉ. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला.

हिशेबाची रीत व्यापाऱ्याला चटकन कळावी अशी आहे. पहिला झटका येऊन रुग्णालयात दाखल झालेला एक माणूस घ्यायचा. त्याच्याच वयाचा, स्त्री असेल तर स्त्री, पुरुष असेल तर पुरुष, पण ज्याला हृदयरोग नाही असा दुसरा माणूस शोधायचा. दोघांना तेच प्रश्न विचारायचे, तीच मापे घ्यायची, दोघांचे रक्त तपासायचे. अशा शेकडो जोड्या झाल्या की दोन बाजू समोरासमोर ठेवायच्या आणि फरक कोठे पडतो ते पाहायचे. पाच देशांतील १५ केंद्रांत १,७३२ रुग्ण आणि २,२०४ निरोगी माणसे यांची अशी नोंद झाली. इतर देशांतून १०,७२८ रुग्ण आणि १२,४३१ निरोगी माणसे होती. हे काम १९९९ ते २००३ या काळात चालले. बाबूजी त्याआधीच गेले होते.

मोजलेल्या गोष्टी नऊ होत्या: धूम्रपान, रक्तातील घातक आणि हितकारक मेदकणांचे प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचे सेवन, शारीरिक व्यायाम आणि मद्यपान. निष्कर्ष असा निघाला की आपल्या भागातील पहिल्या झटक्यांपैकी सुमारे ८६ टक्के झटक्यांचा हिशेब या नऊ गोष्टींनी लागतो. इतर देशांत हेच प्रमाण सुमारे ८८ टक्के आहे. म्हणजे आपल्याला मारणारा रोग निराळा नाही, आणि त्याची कारणेही निराळी नाहीत. फरक आहे तो वेळेचा. ही कारणे आपल्याकडे साठाव्या वर्षाच्या आतच अधिक प्रमाणात गोळा झालेली असतात. नऊही गोष्टी हिशेबात धरल्या की कमी वयाचे कोडे बहुतांशी सुटते. गूढ असे फारसे काही उरत नाही.

हे ऐकताना मला काय वाटले, ते सांगणे कठीण आहे. पंचवीस वर्षे ज्याला मी अकारण समजत होतो, त्याची कारणे माझी मुलगी बोटांवर मोजून दाखवत होती. मनात प्रथम राग आला, मग लाज वाटली, आणि बऱ्याच वेळाने एक प्रकारचा दिलासा वाटला. आपल्या तत्त्वज्ञानात कर्माचा उदय जसा मानला आहे, तसा पुरुषार्थही मानला आहे. उदयाची बाजू आपण लगेच बोलून दाखवतो. पुरुषार्थाला जागा कोठे आहे, ते मात्र कोणीतरी मोजून दाखवावे लागते.

मग मुलीने विचारले, "आजोबांची काही नोंद आहे का आपल्याकडे? वजन, रक्तदाब, साखर?" काहीच नव्हते. बाबूजींनी स्वतःसाठी डॉक्टरांची पायरी कधी चढलीच नव्हती. दुकानातील प्रत्येक ताग्याची खरेदी, विक्री, शिल्लक त्यांच्या वहीत होती; स्वतःच्या रक्तदाबाचा एक आकडाही नव्हता. आणि मला एकदम मास्तर आठवले.

मास्तर म्हणजे आमच्या ओट्यावर शिलाई मशीन घेऊन बसणारे शिंपी. आता ते नाहीत; त्यांचा मुलगा बाजारात दुकान चालवतो. त्याने वडिलांच्या मापाच्या वह्या जपून ठेवल्या होत्या. दर दिवाळीला बाबूजी एक नवी पँट शिवून घेत. आम्ही दोघे बापलेक त्या पिवळ्या पानांतून एकेक दिवाळी शोधत गेलो. १९७८ साली कमर ३२. १९८४ साली ३४. १९९० साली ३६. १९९६ च्या दिवाळीला साडेअडतीस. त्या शेवटच्या आकड्याशेजारी मास्तरांनी पेन्सिलीने लिहिले होते, 'ढील ठेवणे'.

आम्ही बाबूजींना कधी लठ्ठ म्हटले नाही. हातपाय सडपातळ, चेहरा उतरता. फक्त पोट तेवढे पुढे आले होते, आणि व्यापाऱ्याचे पोट म्हणजे बरकतीची खूण समजली जाई. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नेमका हाच धागा उलगडला आहे. २००४ साली त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३, म्हणजे दोघेही कागदावर उत्तम. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून स्थूल असा हा भारतीय देह आहे. म्हणून आपल्याकडे काट्यापेक्षा टेपने अधिक कळते. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या, आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे आज डॉक्टर सांगतात. बाबूजींनी ती मर्यादा १९९० च्या आधीच कधीतरी ओलांडली होती. इशारा सात-आठ वर्षे आमच्याच ओट्यावर, आमच्याच टेपने लिहून ठेवला जात होता. आम्ही सारे जण कापड मोजत होतो.

बाकीच्या घटकांकडे वळलो तेव्हा आणखी एक गोष्ट बोचली. निबंधात निरोगी माणसांच्याही सवयी दिल्या आहेत. दक्षिण आशियातील निरोगी माणसांपैकी रोज फळे आणि भाज्या खाणारे २६.५ टक्के होते, तर इतर देशांत ४५.२ टक्के. अंगमेहनतीचा किंवा पुरेसा व्यायाम करणारे आपल्याकडे ६.१ टक्के, तिकडे २१.६ टक्के. आम्ही शाकाहारी, तेव्हा भाज्यांच्या बाबतीत तरी आपण पुढे असू, असा माझा समज होता. बाईला विचारून बाबूजींचे रोजचे ताट आठवून पाहिले. तुपाने माखलेल्या पोळ्या, वरण, गट्टे किंवा कढी, पापड, वर चमचाभर शेव, आणि शेवटी काहीतरी गोड. कंदमुळे नाहीत, ते योग्यच. अष्टमी, चतुर्दशी आणि इतर तिथींना हिरवी भाजी नाही, चातुर्मासात तर अधिकच कडक नियम. पण उरलेल्या दिवशीही भाजी ताटाच्या कोपऱ्यात, तोंडी लावण्यापुरती. फळे पाहुण्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी. शाकाहाराचा नियम आम्ही कसोशीने पाळत होतो. ताटात शाकच तेवढे नव्हते.

येथे गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो. दोष व्रताचा नाही. व्रताने जे काढले त्या रिकाम्या जागी आपण काय भरले, हा प्रश्न आहे. संयमाने मोकळी केलेली जागा तळणाने आणि साखरेने भरून काढायची, हा आपला शोध आहे. कोणत्याही शास्त्राने तो सांगितलेला नाही. तिथीच्या दिवशी मूग, चवळी, चणे, डाळी यांनी तीच जागा भरता येते. सूर्यास्तापूर्वीचे जेवण ही तर चांगलीच सवय. पण दुकान सुटत नाही म्हणून पावणेसहाला घाईघाईने दुप्पट जेवून पुन्हा गादीवर बसायचे, यात शरीराचा काय लाभ? आणि जो मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे घेतो, त्याने तपश्चर्येपूर्वी डॉक्टरांशी बोलावे. त्याने तपाचे मोल कमी होत नाही.

ताणाविषयी तर काय लिहावे! उधारीची वही हीच बाबूजींच्या मनाची नाडी होती. ठेकेदाराचा पगार लांबला की मजुराची उधारी लांबे, आणि मुंबईच्या आढतियाची हुंडी मात्र तारखेला उभी. ते कोणावर ओरडले नाहीत. रात्री छताकडे पाहत पडून राहत, एवढे मला आठवते.

एक गोष्ट या नऊमध्ये नव्हती: हवा. कोराडीत राहणाऱ्याच्या हे लगेच ध्यानात येते. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९३ साली अमेरिकेतील सहा शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ८,१११ प्रौढांवर त्यांनी सुमारे पंधरा वर्षे लक्ष ठेवले होते. सर्वांत दूषित हवेच्या शहरातील मृत्यूचे प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी अधिक आढळले, आणि हवेतील अतिसूक्ष्म कणांचा हृदय-फुप्फुसांच्या विकारांनी येणाऱ्या मृत्यूशी संबंध दिसला. चुलीचा धूर, वाहनांचा धूर, कोळसा, कचऱ्याची जाळपोळ, सारेच यात येते. माझ्या गावाला आणि दुकानाला कोळशाच्या विजेनेच भाकर दिली, हे मी विसरत नाही. पण हवेचे काम एकट्या घराच्या हातचे नाही. ते सर्वांनी मिळून मागायचे आणि करायचे काम आहे. ताट, पाय आणि टेप मात्र आपल्या हाती आहेत.

आता त्या गोळीविषयी. ती कसली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. साधी ॲस्पिरिन. १९८८ साली इंग्लंडच्या ऑक्सफर्ड विद्यापीठातून चालवलेल्या एका प्रचंड अभ्यासाचे निष्कर्ष आले होते. ४१७ रुग्णालयांतील १७,१८७ रुग्णांवर, झटक्याच्या संशयानंतर पहिल्या चोवीस तासांत, दोन औषधांची परीक्षा झाली: एक रक्ताची गाठ विरघळवणारे शिरेतून द्यायचे औषध, आणि दुसरी ही काही पैशांची गोळी. ज्यांना दोन्हींपैकी काहीच मिळाले नाही, त्यांच्यापैकी १३.२ टक्के रुग्ण पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने दगावले. ज्यांना दोन्ही मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण ८ टक्के होते. बाबूजींच्या रात्रीपूर्वी नऊ वर्षे हे ज्ञान छापले गेले होते. गावातल्या डॉक्टरांना ते ठाऊक होते. ते आमच्या घराच्या कोनाड्यापर्यंत पोहोचलेही होते. तेथून बाबूजींच्या तोंडापर्यंतचे चार हात अंतर आम्ही ओलांडू दिले नाही.

ही गोष्ट मी एका चातुर्मासात आमच्या महासतीजींना सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पच्चक्खाणाच्या पाठात आगार सांगितले आहेत, ते तुम्ही रोज म्हणता. सर्वसमाधीचा आगार कशासाठी ठेवला आहे, याचा कधी विचार केला?" प्राणांतिक पीडेत मनाची समाधी ढळू नये म्हणून औषध घेण्यास तेथे मोकळीक आहे. ज्यांनी नियम घालून दिला, त्यांनीच दारही ठेवले होते. बाबूजी ते शब्द वीस वर्षे रोज उच्चारत होते. मीही उच्चारत होतो. अर्थ विचारायचा राहून गेला.

मुलीच्या आग्रहाने मी त्याच आठवड्यात तपासणी करून घेतली. कंबर साडेसदतीस. रक्तदाब १५२ वर ९६. उपाशीपोटी साखर १३८. मला काहीही होत नव्हते. मी अगदी ठणठणीत होतो, जसे बाबूजी होते. आज दोन गोळ्या रोज घेतो. पहाटे तलावाच्या बाजूने पाऊण तास चालतो. दुकानात गादी आहे, पण गिऱ्हाइकाला मालही मीच उठून दाखवतो. कंबर तीन वर्षांत दीड इंच उतरली आहे. अजून अर्धा इंच मर्यादेबाहेर आहे. धाकट्या भावाने मात्र अद्याप रक्त दिलेले नाही. तो म्हणतो, "दिवाळीची गर्दी ओसरू दे." हे वाक्य मी पूर्वी कोठे ऐकले आहे, ते मला चांगले ठाऊक आहे. म्हणूनही हा लेख लिहितो आहे. हे पान त्याच्या घरी येते.

वाचकांना एवढीच विनंती. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, विशेषतः ज्यांच्या घरात कोणी कमी वयात गेले असेल त्यांनी, वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, मेद आणि कंबर यांची नोंद करून ठेवावी. नव्या वहीचे पूजन करता त्या दिवशी ती नोंद पहिल्या पानावर लिहिली तर विसरणार नाही. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात वेदना, थंड घाम असे काही झाले तर ओवा आणि सोडा यांत रात्र घालवू नये. १०८ ला फोन करावा, जवळच्या डॉक्टरांना विचारून ॲस्पिरिनची गोळी चावावी आणि रुग्णालय गाठावे. ॲस्पिरिन कोणाला चालत नाही, हे घरातल्या प्रत्येकाबाबत आधीच विचारून ठेवावे. रात्री गाडी मागितल्याने कोणी शेजारी रागावत नाही. आमच्या शेजाऱ्यांनी पहाटे चारला जीप काढली, ती नऊलाही काढली असती.

बाई आता ७६ वर्षांची आहे. हा सारा हिशेब मुलीने तिला समजावून सांगितला, तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "त्या रात्री ती गोळी घेतली असती, तर ते राहिले असते का ग?" मुलगी संख्याशास्त्र शिकलेली. तिने आजीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "दादीसा, शंभर माणसांचे सांगता येते. एका माणसाचे कोणालाच सांगता येत नाही." बाई काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिने एक बदल केला. संध्याकाळी चौविहाराचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी ती उशाजवळची लहान डबी उघडून गोळ्या आहेत की नाहीत ते पाहते, आणि जो कोणी जवळ असेल त्याला सांगते, "रात्री माझ्या छातीत दुखले तर मला विचारत बसू नका. द्या."